बिळातला बाबा

जानेवारीतली पहाट आहे. आमच्या पिंपळगाव बसवंतला आणि सगळ्या निफाड तालुक्यात इतका गारठा पडतो की आमचा पारा बातम्यांत जातो. द्राक्षबागांमधून धूर वर येतोय. घडांना थंडी बाधू नये म्हणून शेतकऱ्यांनी रात्रभर शेकोट्या पेटत्या ठेवल्यात. आणि आमच्या बाहेरच्या खोलीत, काचेच्या टाकीतल्या सव्वीस अंशांच्या उबेत, एक मासा मातीच्या नळकांड्यात शिरून एकसारखे पर हलवतोय.

आत काय आहे? बघायचं? टॉर्चवर लाल पतंगाचा कागद गुंडाळा, म्हणजे तो बिचकणार नाही. आता वाका. दिसलं? केशरी मण्यांचा घड! द्राक्षांसारखेच एकमेकांना चिकटलेले मणी, फक्त प्रत्येक मणी ज्वारीच्या दाण्याएवढा. ही अंडी आहेत. आणि पर हलवणारा आहे त्यांचा बाबा.

आई कुठाय? अंडी घालून झाली आणि ती गेली. आता राखण बाबाची. अंड्यांनाही श्वास लागतो आणि पाण्यातला प्राणवायू त्यांच्यापर्यंत पोचवायला पाणी हलतं राहायला हवं. म्हणून हा वारा घालतो. मध्येच तोंडाने अंडी साफ करतो. एखादं अंडं पांढरं पडून बुरशी धरू लागलं, तर ते काढून टाकतो.

या माशाचं नाव ब्रिसलनोज. मोठ्या झालेल्या नराच्या नाकावर मऊ काट्यांचं झुडूपच उगवतं. काही शास्त्रज्ञांचा अंदाज मोठा मजेदार आहे. त्यांना वाटतं, ते झुडूप मादीला पिल्लांच्या घोळक्यासारखं दिसत असेल. म्हणजे ‘बघ, मी किती छान बाबा आहे,’ असं तो नाकानेच सांगतो!

त्याचे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. मत्स्यालयाच्या दुकानात काचेला तोंड चिकटवून बसलेला काळपट ‘सकर’ आठवतो? तेच हे प्लेको घराणं. मूळ गाव दक्षिण अमेरिका. अंगावर साध्या खवल्यांऐवजी हाडांच्या चकत्यांचं चिलखत. तोंड खालच्या बाजूला, वाटीसारखं. ते दगडाला चिकटलं की नदी कितीही धावो, हा जागचा हलत नाही.

या घराण्यात नऊशेहून जास्त जाती आहेत. नवे नवे मासे इतक्या भराभर सापडू लागले की शास्त्रज्ञांना नावं द्यायला वेळ पुरेना. मग १९८८ मध्ये जर्मनीतल्या एका मत्स्यालय-मासिकाने युक्ती केली. नाव मिळेपर्यंत प्रत्येकाला हजेरीपटासारखा एक नंबर! एल १, एल २, एल ३... त्यातल्या एल ४६ची गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच आहे.

एल ४६ म्हणजे झेब्रा प्लेको. पांढऱ्याशुभ्र अंगावर काळे पट्टे. लांबी जेमतेम आठ सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या मधल्या बोटाएवढी. १९९१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. सगळ्या जगात तो एकाच ठिकाणी राहतो: ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या एका मोठ्या वळणावर, खोल पाण्यातल्या खडकांच्या कपारींत.

आणि त्याच वळणावर संकट आलं. तिथे बेलो मोंते नावाचं प्रचंड धरण बांधलं गेलं आणि २०१६ मध्ये त्यातून वीज तयार होऊ लागली. नदीचं बरंचसं पाणी कालव्याने दुसरीकडे वळलं. ज्या कपारींवरून धो धो पाणी वाहायचं, तिथलं पाणी घटलं. शिवाय सुंदर म्हणून तो पकडून चोरून विकलाही जात होता. अखेर २०२२ मध्ये देशोदेशांनी एकत्र येऊन त्याच्या व्यापारावर कडक निर्बंध घातले.

पण तोवर कित्येक मासेवेड्यांनी त्याला घरच्या टाकीत वाढवायला घेतलं होतं. सोपं नव्हतं ते. रोहूची मादी एका वेळी लाखो अंडी घालते आणि निघून जाते. झेब्राची मादी घालते दहा-पंधरा! मोठं व्हायलाही त्याला दोन-तीन वर्षं लागतात. मग या लोकांनी काय केलं?

त्यांनी टाकीत नदी आणली.

शिंगूचं पाणी उबदार, म्हणून हीटर लावून अठ्ठावीस ते तीस अंश. तिथे धार जोरात, म्हणून पंप. तिथे कपारी, म्हणून एका टोकाला बंद असलेली मातीची नळकांडी. इतकी अरुंद की नर आत बसला की वाट बंद! मादी आत गेली की नर दाराशी आडवा होतो आणि अंडी पडेपर्यंत तिला बाहेर सोडत नाही.

एवढं करूनही मासे ढिम्म राहिले तर? तर पाऊस पाडायचा. आपल्या कोकणात मृगाचा पहिला पाऊस झाला की चढणीचे मासे ओढ्यांतून शेतात शिरतात, ते अंडी घालायलाच. प्लेकोलाही पावसाची चाहूल लागते. म्हणून काही दिवस टाकीतलं पाणी कमी आणि गरम ठेवतात. मग एके दिवशी थोडं गार, ताजं पाणी भरपूर ओततात. माशांना वाटतं, आला पावसाळा!

अंड्यांतून आठवडाभरात पिल्लं निघतात. पोटाला पिवळी पिशवी बांधलेली असते, ती त्यांची शिदोरी. ती संपेपर्यंत पिल्लं बाबाच्या पोटाखालीच राहतात.

आमच्या ब्रिसलनोजची पिल्लं अशीच बिळात होती, तेव्हा एका रात्री वीज गेली. एअर पंप बंद. उबदार पाण्यात प्राणवायू मुळात कमी मावतो, हे मला ठाऊक होतं. ऊब टिकावी म्हणून मी टाकीभोवती घोंगडी गुंडाळली आणि तांब्याने पाणी काढून उंचावरून पुन्हा टाकीत ओतत बसलो, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. दोन तास! हात भरून आले. आत डोकावलो, तर तो पर हलवतच होता. मी दोन तासांत दमलो. तो गेले कित्येक दिवस न थांबता हेच करत होता.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. दुकानातला साधा सकर फूट-दीड फूट वाढतो. मग टाकी पुरत नाही आणि लोक त्याला नदीत सोडून देतात. आपल्या उजनी जलाशयात असे सकर मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागलेत. त्यांचे काटे जाळी फाडतात आणि ते इथल्या माशांचं अन्न खातात. शिंगूचा मासा शिंगूला शोभतो. आपली कादवा नदी मरळ माशाची. मरळसुद्धा आपल्या पिल्लांच्या थव्याची राखण करते. म्हणून टाकीतला मासा कधीच नदीत सोडायचा नाही.

आता तुमच्यासाठी एक काम. दुकानात गेलात की सकरच्या डोळ्यात बघा. उजेडात त्याच्या बाहुलीवर वरून एक छोटी झडप उतरलेली असते, जणू अर्धा ओढलेला पडदा. अंधारात ती वर सरकते. बघून झालं की दुकानदारकाकांना विचारा, ‘हा केवढा मोठा होतो?’ आणि मगच ठरवा, त्याला पुरेल एवढी नदी तुमच्या घरात मावेल का.