आत शिरणं आणि पोचणं: पेशीभेदी पेप्टाइडांचा आढावा

१९८८ साली दोन अमेरिकी गटांना, स्वतंत्रपणे, एक विलक्षण गोष्ट दिसली. एचआयव्हीचं ‘टॅट’ हे प्रथिन पेशींभोवतीच्या द्रवात नुसतं मिसळलं तरी आत शिरत होतं आणि केंद्रकात जाऊन जनुकं चालू करत होतं. पेशीचं पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. त्यातून एवढा मोठा, विद्युतभारित रेणू जातोच कसा? १९९४ मध्ये फळमाशीच्या एका प्रथिनातून अवघ्या सोळा अमिनो आम्लांचं पेनेट्रॅटिन हाती आलं, आणि औषध पेशीत नेणारा वाहक सापडला अशी आशा पसरली.

मग रचनेचा शोध सुरू झाला. पेनेट्रॅटिनची आरशातली प्रतिमा असलेलं पेप्टाइडही आत गेलं. त्याअर्थी एखाद्या ठरावीक ग्राहीची गरज नव्हती. विद्युतभाराचं मात्र महत्त्व होतं, आणि तोही कोणत्या अमिनो आम्लाचा, याचं. लायसिन आणि अर्जिनिन दोन्ही धनभारित. तरी अर्जिनिनच्या साखळ्या कितीतरी सरस ठरल्या. अर्जिनिनच्या टोकाचा सपाट ग्वानिडिनियम गट पटलावरच्या फॉस्फेटला एकाच वेळी दोन हायड्रोजन बंधांनी धरतो. लायसिनच्या टोकाला ती सोय नाही. २००० साली स्टॅनफर्डच्या पॉल वेंडर यांच्या गटाने नऊ अर्जिनिनची साखळी टॅटच्या तुकड्यापेक्षा सुमारे वीसपट वेगाने शिरते, असं दाखवलं. उलट्या, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारख्या, घडणीच्या अर्जिनिनची साखळी तर शंभरपटीहून अधिक.

या क्षेत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शोधनिबंध मात्र २००३ चा आहे. टॅटचा प्रवेशक्षम तुकडा १९९७ मध्ये नेमका करणाऱ्या फ्रान्समधल्या बर्नार लब्लो यांच्याच गटाने सहकाऱ्यांसह आपली पद्धत तपासली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापूर्वी पेशी रसायनाने स्थिर करत. त्या प्रक्रियेतच पटलाला चिकटलेलं पेप्टाइड आत, पार केंद्रकापर्यंत पसरत होतं. जिवंत पेशी पाहिल्या तेव्हा एकसारख्या चकाकीऐवजी ठिपके दिसले. पेप्टाइड पेशीने गिळलं होतं, पण ते पुटिकांमध्येच अडकून होतं. स्वतःच्याच यशाची अशी झडती घ्यायला धैर्य लागतं.

तेव्हापासून खरा प्रश्न पुटिकेतून सुटण्याचा आहे. पुटिकेतली आम्लता वाढली की हिस्टिडिनला धनभार येतो, त्याचा उपयोग करून पाहिला जातो. साखळीची दोन टोकं जोडून वलय केलं, तर पाचकद्रव्यांना ती सहज तोडता येत नाही, आणि ग्वानिडिनियम गट ताठ, पसरलेले राहून प्रवेशही वाढू शकतो. निसर्गाने वेगळीच युक्ती केली आहे. बुरशीतून मिळालेलं सायक्लोस्पोरिन हे अकरा अमिनो आम्लांचं वलय. त्यातल्या सात जोडांवर मिथाइल गट. वजन सुमारे १२०० डाल्टन, म्हणजे तोंडाने घ्यायच्या औषधांच्या रूढ मर्यादेच्या दुपटीहून जास्त. तरी स्निग्ध थरात ते आपले जलप्रेमी भाग आत वळवून घेतं आणि पार होतं. भाराच्या मागे लागून आपण या धड्याकडे फार उशिरा वळलो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेशीपर्यंतची वाटही सोपी नाही. टॅटवर स्वार झालेलं नेरिनेटाइड हे औषध पक्षाघाताच्या ११०५ रुग्णांवर तपासलं गेलं; २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत एकूण फायदा दिसला नाही. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज ज्यांना दिलं होतं, त्यांच्या रक्तात नेरिनेटाइडची पातळी घटलेली होती. अल्टेप्लेजमुळे प्लाझ्मिन जागं होतं, आणि प्लाझ्मिन साखळी तोडतं ते नेमकं लायसिन-अर्जिनिनपाशी. अल्टेप्लेज न दिलेल्या रुग्णांवरच्या पुढच्या चाचणीतही अपेक्षित लाभ मिळाला नाही. उलट्या घडणीची अमिनो आम्लं प्लाझ्मिनला तोडता येत नाहीत. पण सहजासहजी न मोडणारं असं पेप्टाइड शरीरात किती काळ रेंगाळेल, हे प्रत्येक वाहकाच्या बाबतीत वेगळं तपासावं लागतं.