फलकांच्या आड गेलेली गावे

परगावच्या एका स्नेह्यांना मिरजेची सतारमेकर गल्ली पाहावयाची होती. मध्यंतरी कुपवाडहून त्यांना घेऊन मी तेथे गेलो. गल्लीच्या अगदी तोंडाशी आम्ही उभे असताना त्यांनी मला विचारले, "गल्ली आली की सांगाल ना?" दोष त्यांच्या दृष्टीचा नव्हता. समोर कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा अवाढव्य फ्लेक्स फलक होता आणि त्यामागे एका जुन्या घराचा माडीचा सज्जा, लाकडी खांब आणि दारात टांगलेले भोपळे पूर्णपणे झाकून गेले होते. अधिक संकोचाची गोष्ट पुढेच आहे. त्या फलकाच्या तळाशी असलेल्या शुभेच्छुकांच्या यादीत माझेही नाव होते. मंडळाच्या मुलांनी वर्गणी मागितली आणि मी ती दिली होती. फलक कोठे लागणार हे विचारण्याचे मला सुचले नव्हते.

जे झाकले गेले त्याचे मोल थोडे नाही. शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि मिरजेचा हात यांच्या मिलाफातून निघालेले तंबोरे देशभरच्या मैफलींत वाजले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या वाद्यांवर मिरजेचे नाव लावण्याचा हक्क कायद्याने मान्य केला. ज्या गल्लीमुळे हे नाव झाले, ती मात्र दिसेनाशी होत आहे. सांगलीतही वेगळे नाही. चिंतामणराव पटवर्धनांनी वसविलेल्या या राजधानीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' सादर केले. गणपती मंदिराच्या परिसरातून आणि जुन्या पेठांतून आज हिंडावे, तर माडीच्या खिडक्यांवर विम्याच्या, शिकवण्यांच्या व भ्रमणध्वनींच्या जाहिराती वाचाव्या लागतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या गोष्टीचे कोडे वाटू नये. नाट्यगृहात पुढच्या रांगेतील एक प्रेक्षक उभा राहिला की मागच्याला उभे राहणे भाग पडते. थोड्याच वेळात सारे सभागृह उभे असते. कोणालाही पूर्वीपेक्षा अधिक दिसत नाही आणि पाय मात्र सर्वांचे दुखतात. बाजारपेठेतील फलकांचे नेमके हेच होते. एका दुकानदाराने चार फुटांचा फलक आठ फुटांचा केला, की शेजाऱ्याला दहा फुटांचा करावा लागतो. अखेरीस गिऱ्हाईक तेवढेच राहते, खर्च प्रत्येकाचा वाढतो आणि गल्लीचे रूप सर्वांच्याच हातून जाते. एकट्याने फलक लहान करणे कोणालाही परवडत नाही. सर्वांनी एकदम केले तर ते सर्वांच्याच फायद्याचे ठरते. नियमाचे प्रयोजन नेमके येथे असते. दुकानदारावर अन्याय करण्याचा हेतू त्यात नसून त्याला या निरर्थक स्पर्धेतून सोडविण्याचा असतो.

मग कायदे नाहीत काय? आहेत, आणि पुष्कळ आहेत. महानगरपालिका अधिनियमानुसार आकाशचिन्हांना आयुक्तांची लेखी परवानगी लागते. सार्वजनिक दृश्यांचे विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ चा आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले. म्हणजे हा प्रश्न न्यायालयात नेण्याचे श्रेय आपल्याच शेजारजिल्ह्याकडे जाते. तरीही १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे प्रचंड फलक कोसळून सतरा माणसे प्राणास मुकली. परवानगीचा कागद आणि प्रत्यक्ष फलक यांत किती अंतर पडू शकते, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

दुकानांवरील पाट्यांविषयी २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिल्यावर राज्यभर हजारो पाट्या बदलल्या. मराठीचा हा मान योग्यच होय. परंतु पाटी बदलावयाचीच होती, तर जुन्या वस्तीत ती कोठे लावावी आणि किती मोठी असावी, हेही त्याच वेळी सांगता आले असते. अक्षरांची उंची आपण मोजली. अक्षरांखाली काय गाडले गेले, ते मोजावयाचे राहिले.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने मुंबईचा दादाभाई नौरोजी मार्ग पाहावा. १९९५ च्या वारसा नियमावलीने तेथे पाहणीची चौकट दिली होती. पुढे दशकाच्या अखेरीस फलकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. कमानी झाकू नयेत, पाट्या कमानींच्या आत बसवाव्यात, हे त्यांचे सूत्र. तेथील दुकानदार व रहिवासी यांनी ते उचलून धरले आणि २००४ साली युनेस्कोने या उपक्रमाचा गौरव केला. त्या रस्त्यावरचा व्यापार काही बुडाला नाही.

आक्षेप येतील आणि त्यांतील एक खरा आहे. घर जपण्याचा खर्च मालकाने सोसावयाचा आणि शोभा मात्र साऱ्या गावाने उपभोगावयाची, हा न्याय नव्हे. म्हणूनच मुंबईच्या नियमावलीत मालकाला हस्तांतरणीय विकासहक्काची भरपाई ठेवली आहे. लहान शहरात त्या हक्काला मोठा बाजारभाव यावा असे नाही. तेथे घरपट्टीतील सवलत अधिक उपयोगी पडेल. फलकांचा प्रश्न तर याहून स्वस्त आहे. छप्पर दुरुस्त करावयास पैसा लागतो. फ्लेक्स उतरविण्यास शिडी आणि इच्छा पुरते.

२०२० साली मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागाला लागू झालेल्या एकत्रित नियमावलीत वारसा जतनाची तरतूद आहेच. तिच्या आधारे सांगली, मिरज व कुपवाड या तिन्ही गावांतील जुन्या गल्ल्यांची यादी करून ती लोकांपुढे ठेवावी. वाद्यकारागीर, व्यापारी, घरमालक आणि शिक्षक यांना समितीत बसवून खुली सुनावणी घ्यावी. नियम एका पानात मावावा : पाटी दाराच्या रुंदीपेक्षा मोठी नसावी, खांब, कमान व खिडकी झाकू नये, आणि वाढदिवसाच्या फलकाला या गल्ल्यांत मुळीच परवानगी असू नये.

कुपवाडच्या वाट्याला प्रामुख्याने कारखाने आले. १९९८ साली ही तीन गावे एका महानगरपालिकेत आली, तेव्हापासून मिरजेची सतार आणि सांगलीचे नाटक ही आम्हा कुपवाडकरांचीही मिळकत झाली आहे. ती राखण्याची जबाबदारीही अर्थातच आमच्याकडे येते. माझ्यापुरता मी आरंभ केला आहे. त्या मंडळाची मुले परवा पुन्हा वर्गणीसाठी आली. मी वर्गणी दिली, नाव घालू नका म्हणून सांगितले आणि फलक कोठे लावणार, हे या वेळी विचारून घेतले.