आडनाव वाचा, गाव गाठा!

भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच रेवसला लागली, की पुढे अलिबागपर्यंतच्या पाट्या नीट वाचा. आवास, झिराड, किहीम, नवगाव. आता बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, आडनावं आठवा: आवासकर, झिराड, किहीमकर, नवगावकर. अलिबाग ओलांडून चौलला गेलात, तर तिथले आहेत चेऊलकर. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा म्हणजे अभिनेते डेव्हिड, त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर! 1966 साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या घराण्याने मात्र ‘कर’ न लावता नुसतं गावच नावापुढे ठेवलं.

स्वीडनमध्ये पूर्वज शोधणाऱ्याला आडनावातून गाव सापडण्याचं हे सुख नाही. तिथे पीटरचा मुलगा योहान हा पीटरसन, पण योहानचा मुलगा योहानसन. दर पिढीला पाटी बदलली! घराण्याचं आडनाव कायम ठेवायची पद्धत सगळ्यांत रुजली ती बरीच उशिरा. पण त्यांच्याकडे चर्चच्या वह्या आहेत. 1686 च्या कायद्याने पाद्र्यांना जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायला लावलं. शिवाय कोणाला वाचता येतं आणि धर्माचे पाठ किती येतात, याचीही परीक्षा घेऊन नोंद होई. म्हणजे खापरपणजोबा काठावर पास झाले होते, हेसुद्धा कळतं. (आपल्या खापरपणजोबांचं असं काही सापडू नये, हेच बरं.)

आपल्या किनाऱ्यावर असल्या वह्या नव्हत्या. होती ती आख्यायिका: नवगावजवळ बेने इस्राएलींच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. वाचलेले तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी नाव ठेवलं ‘शनवार तेली’.

नावांतही गंमत. मुंबईत 1796 साली पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर मराठीत झाले सामाजी हसाजी दिवेकर. कंपनीच्या फौजेतले हे गृहस्थ टिपूच्या कैदेत पडून सुटून आले होते. वंशवृक्ष काढायला बसलेल्या नातवाला आधी ‘हसाजी म्हणजे कोण?’ हेच सोडवावं लागतं.

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाचा इतिहास 1897 पर्यंत लिहून काढला, तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून! पुढे इस्राएलला गेलेल्यांना वंशावळीने चांगलंच छळलं. तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्नाआधी यांच्या आई-आजीच्या पिढ्या तपासायला सांगितल्या. लोक रस्त्यावर उतरले आणि 1964 मध्ये सरकारला त्यांच्या बाजूने उभं राहावं लागलं. पणजी ज्यू होती, याचा कागद रोह्याच्या घाणेकऱ्याने कुठून आणायचा होता?

2016 मध्ये डीएनए तपासणीचा शोधनिबंध आला. त्यानुसार या समाजात मध्यपूर्वेतलं ज्यू आणि भारतीय, दोन्ही रक्त आहे, आणि ते मिसळलं साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वी. ज्यू वारसा मुख्यतः बापाकडून, भारतीय आईकडून. आईकडची बाजू इथलीच, हे मालिदा खाणाऱ्याला आधीच कळायला हरकत नव्हती. एलियाहू पैगंबराच्या नावाने वाटायचा हा प्रसाद म्हणजे गोड पोहे आणि त्यात भरपूर ओलं खोबरं.