तुकारामाइतकीच जिजाई

जुना चित्रपट पाहायचा तो आवडत्या नटासाठी, अशी आपली रीत आहे. आणि रसिकाला ती शोभतेही. ‘प्रभात’चा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ विष्णुपंत पागनीसांसाठी कितीही वेळा पाहावा. एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेला हा गायक नट भजनात रंगला, की अभिनय कुठे संपला हे कळत नाही. पण माझे ऐकाल, तर पुढच्या खेपेस नजर गौरीबाईंच्या जिजाईवर ठेवा.

बाई काही नामांकित नटी नव्हत्या. ‘प्रभात’मध्येच किरकोळ कामे करीत पुढे आलेल्या. त्यांची जिजाई म्हशीवर जीव लावते, पोर आजारी पडताच हातात वहाण घेऊन थेट विठोबापुढे उभी राहते. प्रेक्षक हसतात. हसू द्या. पण शिवाजीमहाराजांचा नजराणा नवरा परत पाठवतो, तेव्हा चूल पेटवायची कशी, हा तिचा सवाल संपाच्या दिवसांत मी कामगारांच्या घरोघरी ऐकला आहे. त्याचे उत्तर देताना आम्हां पुढाऱ्यांची जीभ अडखळते.

दामले-फत्तेलालांनी तिला सालोमालोच्या पंक्तीला बसवले नाही, हे त्यांचे मोठेपण. पागनीस संथ बोलतात; गौरीबाई झपाट्याने, घरच्या बोलीत. या दोन लयी एकमेकींवर आदळतात, म्हणून नव्वदेक वर्षांनंतरही चित्रपट शिळा वाटत नाही. शेवटी विमान येते, तुकोबा जातात, जिजाई मागे राहते. तेवढा वेळ विमानाकडे पाहू नका, तिच्याकडे पाहा.