सुगंधी तेलांचा घरगुती वापर : आरंभी घ्यावयाची दक्षता

परसात मोरीच्या पाण्यावर वाढणारे गवती चहाचे ठोंब महाराष्ट्रातील कोणत्याही गावास नवीन नाहीत. सर्दी-पडशात त्याची दोन पाती चहात घालावीत हा रिवाजही जुनाच आहे. अलीकडे मात्र गवती चहा, रोशा व सिट्रोनेला ही गवते तेलासाठी शेतातून लावली जाऊ लागली असून, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने 2017 साली हाती घेतलेल्या अरोमा मिशनमुळे या लागवडीस चालना मिळाली आहे. जेथे लागवड होते तेथे तेल काढण्याची भट्टी येते, आणि भट्टीतून निघालेल्या तेलापैकी थोडेसे बाटलीत भरून घरी न्यावे असे शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. ही बाटली बहुधा औषधाची रिकामी झालेली बाटली असते. तिच्यावर नाव नसते आणि फडताळात ती खोबरेल तेलाच्या शेजारी ठेवली जाते. अपघात घडून येण्यास एवढी सामग्री पुरेशी असते.

सुगंधी तेलांनी उपचार करण्याच्या पद्धतीस सुगंधोपचार असे म्हणतात. हे नाव प्रचारात आणले ते रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. 1910 साली प्रयोगशाळेतील स्फोटात त्याचे हात भाजले असता त्याने लव्हेंडर या वनस्पतीचे तेल वापरले, आणि 1937 साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि गातफोसे हा सुगंधी द्रव्यांच्या धंद्यातच मुरलेला गृहस्थ होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. त्याचा अनुभव हा भाजलेल्या जखमेवर कोणतेही तेल ओतण्याचा परवाना नव्हे.

तेल म्हणजे वनस्पती नव्हे

गवती चहा निरुपद्रवी आहे, म्हणून त्याचे तेलही निरुपद्रवी असले पाहिजे, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती कितपत खरी आहे हे साध्या हिशेबावरून कळून येईल. शंभर किलो ओल्या गवती चहापासून साधारणपणे अर्धा किलो तेल हाती लागते. म्हणजेच दहा मिलिलिटरच्या इवल्याशा बाटलीत सुमारे दोन किलो गवताचा अर्क सामावलेला असतो. त्या तेलाच्या एका थेंबामागे आठ-नऊ ग्रॅम गवत खर्ची पडलेले असते. चहाच्या कपात पडणाऱ्या दोन पात्यांचे वजन याहून कमी भरते, आणि त्यांतील तेलही सर्वच्या सर्व पाण्यात उतरत नाही. तेव्हा चहात ‘चार थेंब तेल टाकून पाहू’ असे म्हणणारा मनुष्य वस्तुतः गवताची जुडीच कपात कोंबत असतो. ही तेले तज्ज्ञ वैद्याच्या अथवा डॉक्टरच्या सांगण्यावाचून पोटात घेऊ नयेत, हा पहिला नियम होय.

दुसरी गोष्ट अशी की, यांस तेल म्हणत असले तरी शेंगदाण्याच्या अथवा तिळाच्या तेलाशी त्यांचे नाते नाही. ती हवेत उडून जातात, पटकन पेट घेतात, कित्येक प्रकारचे प्लास्टिक खातात आणि पाण्यात मुळीच विरघळत नाहीत. आंघोळीच्या बादलीत थेंब टाकले तर ते पाण्यावर तवंग होऊन तरंगतात आणि तसेच निर्भेळ स्वरूपात अंगाला चिकटतात. त्वचा भाजल्यासारखी लाल होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

बाटलीवर ‘शंभर टक्के शुद्ध’ असे छापलेले पाहून निर्धास्त होणारेही पुष्कळ असतात. शुद्धता ही व्यापाराची बाब आहे. खानदेशातील रोशाचे तेल पूर्वी मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जात असे आणि तेथे ते गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळले जाई. भेसळ ओळखणे हा तेथील व्यापाऱ्यांच्या कसोटीचा प्रश्न होता. घरातील वापराच्या दृष्टीने पाहता मात्र, तेल जितके शुद्ध तितके ते तीव्र, आणि म्हणून तितकेच जपून हाताळण्याजोगे.

पातळ करण्याचे प्रमाण

अंगास लावावयाचे सुगंधी तेल नेहमी खोबरेल, तीळ अथवा बदाम यांसारख्या साध्या तेलात मिसळूनच लावावे. घरगुती मापाने एक मिलिलिटर म्हणजे सुमारे वीस थेंब. यावरून शंभर मिलिलिटर खोबरेल तेलात वीस थेंब घातले असता एक टक्का मिश्रण तयार होते. नवशिक्याने याच प्रमाणापासून सुरुवात करावी. निरोगी प्रौढ माणसास सौम्य तेलांच्या बाबतीत दोन टक्क्यांपर्यंत जाण्यास हरकत नाही. परंतु त्यापुढे जाण्याचे घरात काही कारण पडत नाही. गवती चहाचे तेल त्वचेस विशेष झोंबणारे असल्यामुळे ते निम्म्या टक्क्यावरच ठेवावे, म्हणजे तीस मिलिलिटर खोबरेल तेलात तीन थेंब. लवंगेच्या तेलासही हाच दंडक लावावा.

तयार मिश्रण प्रथम कोपराच्या आतील बाजूस रुपयाएवढ्या जागेवर लावून चोवीस तास थांबावे. खाज, लाली अथवा पुरळ दिसल्यास ते तेल त्या माणसाने पुन्हा वापरू नये. लिंबाच्या सालीपासून दाबून काढलेले तेल लावून उन्हात कामास जाणे टाळावे. उन्हामुळे त्या जागी त्वचा भाजून काळे डाग पडतात. शेतकऱ्याचा सारा दिवस उन्हातच जातो, सबब हे तेल त्याने अंगास न लावलेलेच बरे.

केवळ वास घेण्यासाठी वापर करावयाचा असेल, आणि आरंभ करण्यास हाच मार्ग सर्वांत निर्धोक आहे, तर कापसाच्या बोळ्यावर दोन-तीन थेंब टाकून तो खोलीत उंच जागी ठेवावा, खिडकी उघडी असू द्यावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने बोळा काढून टाकावा. ज्यांस दम्याचा विकार आहे त्यांच्या खोलीत हेही करू नये. पेटत्या समईत अथवा चुलीजवळ तेल ओतणे म्हणजे आगीस निमंत्रण होय. गवती चहा व सिट्रोनेला यांच्या तेलांनी डास काही काळ दूर राहतात हे खरे. परंतु एक-दोन तासांत वास उडाला की डास परत येतात, म्हणून हिवतापाच्या दिवसांत मच्छरदाणीची जागा ही तेले घेऊ शकत नाहीत.

लहान मुले

या तेलांपासून मोठ्या माणसास बहुधा त्वचेचा त्रास होतो. लहान मुलाच्या मात्र जिवावर बेतते. निलगिरी तेल प्रत्येक घरी असते. पडसे झाले की ते रुमालावर टाकतात, वाफाऱ्याच्या पातेल्यात घालतात. तेच तेल रांगत्या मुलाने एक चहाचा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, गिळले तर त्यास गुंगी येऊन झटके येऊ शकतात. सांधेदुखीवर चोळावयाचे विंटरग्रीनचे तेल तर याहून घातक आहे. त्याच्या एका चमच्यात अ‍ॅस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके द्रव्य असते. कापूर हे तेल नसले तरी गुणधर्माने याच वर्गातील आहे. लहान मुलाच्या पोटात त्याचा एक ग्रॅम जाणेही प्राणघातक ठरू शकते, आणि झटके काही मिनिटांतच सुरू होतात. कापूर, पुदिन्याचे फूल व ओव्याचे फूल एकत्र करून होणारे पातळ औषध घरोघरी केले जाते. त्याची बाटली याच कारणास्तव मुलांच्या हाती लागू देऊ नये.

दोन वर्षांखालील मुलांच्या बाबतीत या तेलांचा घरगुती वापर पूर्णपणे वर्ज्य समजावा. तान्ह्या बाळाच्या छातीस कापूर चोळणे अथवा नाकाशी निलगिरीचा, पुदिन्याचा तीव्र वास धरणे ही माया नसून धोका आहे. त्यामुळे बाळाचा श्वास अडखळू शकतो. आजीबाईंची समजूत घालणे हे ग्रामकार्यकर्त्यांचे काम सोपे नाही. परंतु बाळाचे नाक चोंदले असता मिठाच्या निर्जंतुक पाण्याचे थेंब डॉक्टरांकडून मिळतात, ही माहिती सोबत दिल्यास आग्रह बराच सैल होतो. गरोदर स्त्रिया व फेपरे येणारे रुग्ण यांनी डॉक्टरांस विचारल्याशिवाय ही तेले वापरू नयेत. घरातील मांजर हे तेल चाटून आजारी पडते, कारण असली द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची शक्ती तिच्या यकृतात फार कमी असते.

मुलाने तेल प्याल्याचा संशय आला, तोंडास वास येऊ लागला, ठसका लागला, चाल लटपटू लागली अथवा डोळे मिटू लागले, तर पुढील गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे : उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजणे, घशात बोट घालणे हे उपाय येथे घात करतात. उलटीबरोबर वर येणारे तेल श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसास जबर इजा करते. दूध, तूप अथवा तेलही पाजू नये. तोंड ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, मूल गुंगीत असल्यास त्यास कुशीवर निजवावे, 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि तेलाची बाटली बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. मूल हसत-खेळत असले तरी थांबून वाट पाहू नये. डोळ्यात तेल उडाल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी व नंतर डॉक्टरांस दाखवावे.

साठवण

तेल गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, घट्ट बुचाखाली, उन्हापासून व चुलीपासून दूर ठेवावे. हवा लागून जुने झालेले तेल त्वचेस अधिक बाधते, यास्तव वास बदलला की ते टाकून द्यावे. मात्र ते ओढ्यात अथवा विहिरीजवळ ओतू नये. भट्टीवरून तेल घरी आणतानाच बाटलीवर तेलाचे नाव, भरल्याची तारीख आणि ‘पिण्यास नाही’ हे शब्द ठळक अक्षरांत लिहून चिकटवावेत. औषधाची अथवा सरबताची बाटली यासाठी कदापि वापरू नये. बाटली ठेवण्याची जागा कुलपाची असावी. उंच फळी पुरेशी नाही, कारण चार वर्षांचे मूल पाट ओढून तेथपर्यंत सहज पोहोचते.