ग्राफिक्स कार्डाची घाई नको

चंदीगडमध्ये कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायचा म्हटलं की कुणीही सेक्टर २० चं नाव सांगतं. दुकानात कोटेशन मागावं, की कागदावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट अशी नावं भराभर उतरतात. मग दुकानदाराचं पेन थांबतं. "ग्राफिक्स कार्ड डालना है?" होकार दिला तर बिल पंधरा-वीस हजारांनी वाढतं, कधी त्याच्या दुपटीनं.

सेक्टर १२ मध्ये पंजाब इंजिनीअरिंग कॉलेज आहे आणि चंदीगड कॉलेज ऑफ आर्किटेक्चरही. महाराष्ट्रातून इतक्या लांब मुलाला किंवा मुलीला पाठवणाऱ्या पालकांसाठी ही रक्कम लहान नाही. म्हणून स्पष्टच सांगतो: कार्ड पुढे कधीही बसवता येतं. ते पेलणारा प्रोसेसर, मदरबोर्ड आणि एसएमपीएस मात्र पुन्हा पुन्हा बदलणं परवडत नाही. पैसा आधी तिथे घाला.

पडद्यावर चित्र उमटवायला स्वतंत्र कार्ड लागतंच, असं नाही. पूर्वी बिल्ट-इन ग्राफिक्स मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असायचं. २०११ च्या जानेवारीत आलेल्या इंटेलच्या 'सँडी ब्रिज' पिढीत ते प्रोसेसरच्याच चिपवर आलं, आणि त्याच वर्षी एएमडीनंही तशी चिप बाजारात आणली. आज ब्राउझर, ऑफिस, कोडिंग, फोर-के व्हिडिओ पाहणं, अगदी दोन मॉनिटर चालवणं, हे सगळं त्यावर निर्धास्त होतं.

त्याची मर्यादा आहे ती मेमरीची. प्रोसेसर आणि बिल्ट-इन ग्राफिक्स, म्हणजे एकाच नळावर पाणी भरणारी दोन बिऱ्हाडं. दोघांनाही तीच रॅम वापरावी लागते. डीडीआर४-३२०० रॅमची एकच पट्टी असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा ये-जा करू शकतो. दोन पट्ट्या लावल्या तर ५१.२ जीबी. म्हणून बिल्ट-इनवर काम भागवायचं असेल तर सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात. खर्चात फारसा फरक पडत नाही, वेगात मात्र लगेच जाणवतो. आरटीएक्स ४०६० सारख्या कार्डावर ८ जीबी मेमरी त्याची स्वतःची असते आणि तिचा वेग सेकंदाला २७२ जीबी. कार्डाचे पैसे मुख्यतः या वेगाचे आणि एकाच वेळी हजारो हिशेब करणाऱ्या चिपचे असतात.

हा वेग कधी लागतो? समजा, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यानं कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या विधानसभेचा नकाशा ऑटोकॅडमध्ये काढला. त्या रेषा बिल्ट-इनवर सहज सरकतात. स्केचअपमध्ये सभागृहावरचा तो वक्र मनोरा उभा केला, तरी मॉडेल आटोपशीर असेल तर काम चालतं. आता त्याला वरून झिरपणारं ऊन दाखवत सभागृहातून फिरायचं आहे. फुल एचडी पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. चालणं सलग दिसायचं तर त्या प्रत्येकाचा उजेड-सावलीचा हिशेब सेकंदाला ३० ते ६० वेळा करावा लागतो. लुमियन, एनस्केप, डी५ रेंडर ही सॉफ्टवेअर स्वतंत्र कार्ड गृहीत धरूनच बनवलेली आहेत. तिथे काटकसर चालत नाही.

पण पहिल्या वर्षी बहुतेक काम कागदावर, हातानं होतं. इंजिनीअरिंगच्या मुलालाही सी++ किंवा पायथन शिकायला कार्ड लागत नाही. मशीन लर्निंगकडे वळल्यावर, नवे गेम उत्तम दर्जात खेळायचे असल्यावर किंवा ब्लेंडरमध्ये रेंडर करायचं असल्यावर ते जरूर घ्यावं, आणि तेव्हा कार्डावर मेमरी किती आहे हे आधी पाहावं. दोन वर्षं थांबलात तर त्याच पैशांत नव्या पिढीचं कार्ड मिळण्याची शक्यता असते.

थांबायचं ठरलं तर कोटेशनमधली अक्षरं नीट वाचा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. तो थोडा स्वस्त पडतो, पण कार्डाशिवाय पडदा काळाच राहील. एएमडीचा रायझन ५६०० आणि ५६००जी यांतही तोच फरक आहे: ग्राफिक्स फक्त 'जी'मध्ये. रायझन ८५००जी वर आजचं काम छान होतं, पण पुढे कार्ड लावलंत तर त्याला प्रोसेसरशी बोलायला सोळाऐवजी चारच लेन मिळतात. पुढे कार्ड नक्की घ्यायचं असेल तर रायझन ७६०० किंवा 'एफ' नसलेला इंटेल आय५ बरा. दोन्हींत कामापुरतं ग्राफिक्स आहे आणि कार्डाची वाट पूर्ण मोकळी. एसएमपीएस मात्र आजच चांगल्या कंपनीचा, ५५० वॉटचा घ्या. आरटीएक्स ४०६० साठी एनव्हिडिया तेवढाच सुचवते.

चंदीगडच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पूर्ण जोरात चाललेलं ४०६० एकटं ११५ वॉट घेतं, आणि ती सगळी उष्णता हॉस्टेलच्या खोलीतच उतरते. जाळीदार कॅबिनेट आणि दोन पंखे ही तिथे चैन नाही.

कार्ड घ्याल तेव्हा जीएसटीच्या बिलावर त्याचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तो लागतो. मॉनिटरची एचडीएमआय केबल मदरबोर्डला न लावता कार्डालाच लावा; नाहीतर एवढ्या किमतीचं कार्ड बसवूनही चित्र बिल्ट-इनवरूनच येत राहतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी मुलाला एकच विचारा: येत्या वर्षभरात तू कोणती सॉफ्टवेअर वापरणार? त्या यादीत कार्ड मागणारं एकही नाव नसेल, तर दुकानदाराला बिनदिक्कत सांगा, "अभी नहीं."