खिडकीची खालची झडप

पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे तहसील कचेरी आणि न्यायालय यांच्या कामानिमित्त आसपासच्या खेड्यांतून आलेल्या माणसांची वर्दळ दिवसभर चालू असते, तेथे रस्त्यालगतच्या घरात राहणाऱ्या कुटुंबापुढे रोज सकाळी एकच अडचण उभी राहते : खिडकी उघडावी तर परक्याची नजर थेट आतल्या खोलीपर्यंत पोहोचते, आणि लावून घ्यावी तर भर दुपारी विजेचा दिवा पेटवावा लागतो. बहुतेक घरांत या अडचणीचा निकाल जाड पडद्याच्या बाजूने लागतो. तो एकदा ओढला म्हणजे महिनोन्‌महिने तसाच राहतो, आणि त्याच्या आड मुले अभ्यासाची पुस्तके घेऊन व वडीलधारी माणसे धान्य निवडीत अंधूक उजेडात डोळे शिणवीत बसतात. खिडकीचा केवळ खालचा भाग झाकून वरचा भाग आकाशाला मोकळा ठेवणारी अर्ध्या उंचीची झडप हा यावरचा उत्तम उपाय असून, तो आपल्याकडे नवा मुळीच नाही.

थोरामोठ्यांच्या वाड्यांना हा प्रश्न पडत नसे. याच तालुक्यात जामगावी महादजी शिंद्यांचा वाडा आहे आणि पळशीस, होळकरांच्या पदरी दिवाणगिरी केलेल्या पळशीकरांचा, लाकडी कोरीवकामासाठी नावाजलेला वाडा आहे. अशा वास्तूंचा उजेड रस्त्याकडून नव्हे तर मधल्या चौकातून येई. बाहेरच्या अंगास जाड, जवळजवळ आंधळी भिंत आणि आत उघडे आकाश, अशी ती रचना असल्यामुळे एकांत व प्रकाश यांत तंटा उत्पन्नच होत नसे. पुढे वाटण्या झाल्या, चौक बुजले, प्रत्येक हिस्सेदाराने आपापल्या वाट्याची भिंत रस्त्याच्या बाजूस फोडून खिडकी काढली, आणि जे काम चौक करीत होता ते या खिडकीच्या अंगावर पडले. तेव्हाच्या सुतारांनी तिच्या चौकटीत मध्ये आडवे लाकूड घालून वर दोन व खाली दोन अशा चार झडपा बसविल्या. खालची जोडी लावावी, वरची उघडावी, आणि गजांतून वारा व उजेड निर्वेध येऊ द्यावा, ही सोय त्यात होती. घर नव्याने बांधताना अशा सागवानी खिडक्या भंगाराच्या भावाने काढून टाकल्या जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वरचा भाग उघडा ठेवण्यास भक्कम कारण आहे. खोलीत उभे राहून पाहिल्यास खिडकीच्या खालच्या अर्ध्यातून समोरची भिंत व रस्ता दिसतो, आकाश दिसते ते वरच्या अर्ध्यातून. आणि दिवसाचा उजेड मुख्यतः आकाशाचाच असतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, तिच्या सुमारे दुप्पट अंतरापर्यंत कामापुरता प्रकाश आत पोहोचतो, असा स्थापत्याचा ढोबळ नियम आहे. म्हणजे 7 फुटांवरील कड साधारण 14 फूट खोल खोली उजळते, आणि खालची झडप लावल्याने त्यात पुष्कळांस वाटते तितकी घट होत नाही. छत व भिंती पांढऱ्या असल्या तर ती आणखी कमी जाणवते.

परंतु झडपेची उंची खिडकीच्या बरोबर निम्मी धरणे, ही सर्रास होणारी चूक आहे. उंची ठरवावयाची ती रस्त्यावरील माणसाच्या डोळ्यावरून. त्याचा डोळा रस्त्यापासून सुमारे 5 फुटांवर धरला आणि घराचे जोते 2 फूट उंच असले, तर तो डोळा आतल्या जमिनीच्या हिशेबाने 3 फुटांवर येतो. अशा घरात 5 फुटांपर्यंतची झडप पुरते, कारण तिच्यावरून आत गेलेली नजर छताकडेच चढत जाते. जोते रस्त्याच्या पातळीस आले असेल तर मात्र तीच झडप अपुरी पडून आणखी निदान अर्धा फूट चढवावी लागते. सुताराला माप देण्यापूर्वी घरातील एकाने बाहेर उभे राहावे, दुसऱ्याने आत पुठ्ठा धरून तो वर-खाली करावा, आणि आतले तोंड दिसेनासे होईल तेथे खूण करावी. समोर माडीचे घर असेल तर वरून येणाऱ्या नजरेला ही झडप अडवीत नाही. तेथे वरच्या भागास विरळ पडद्याची निराळी तजवीज हवी.

झिलमिलीची झडप दिसण्यास सुबक असते. तिच्या पट्ट्यांची बाहेरची कड खाली व आतली वर ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी बाहेर ओघळते, वरून पाहणाऱ्याची नजर अडते आणि रस्त्यावरून परावर्तित झालेला उजेड छताकडे जातो. तथापि आपला मुलूख पर्जन्यछायेचा, उन्हाळ्यात धूळ अतोनात, आणि प्रत्येक पट्टी पुसण्याचे काम घरातील एकाच माणसावर पडते. म्हणून रस्त्याच्या बाजूस मी साधी फळीची झडपच पसंत करीन. वाऱ्याचाही विचार करावयास हवा. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या उगीच नव्हेत. तेव्हा उघडी झडप भिंतीशी धरून ठेवणारा आकडा प्रत्येक पल्ल्यास असलाच पाहिजे. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीला आतून झडप बसवावयाची झाल्यास ती खोलीत उघडते, म्हणून पलंग किंवा टेबल तिच्या आड येत नाही हे आधी पाहावे.

दिशेचा भेदही मोठा आहे. पारनेर सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य जेमतेम 48 अंश चढतो आणि दक्षिणेच्या खिडकीच्या उघड्या वरच्या भागातून ऊबदार ऊन आत येते; मेच्या मध्यास तो ऐन माथ्यावर असल्याने तेच ऊन छज्ज्यावरच अडते. पश्चिमेची खिडकी मात्र वैशाखात कोणत्याही छज्ज्याला दाद देत नाही, कारण कलते ऊन त्याच्या खालून सरळ शिरते. तेथे केवळ खालची झडप बसविण्यात अर्थ नाही, चारही झडपा हव्यात, आणि तिसऱ्या प्रहरापासून सूर्यास्तापर्यंत त्या सगळ्या लावून घ्याव्यात.